बस्ता, जांगड आणि दुकानदर्शन : नांदेड-लातूरच्या कापडबाजाराच्या इतिहासाचीं कांहीं साधनें

(१)

‘बस्ता’ हा शब्द फारसी ‘बस्तन्’, म्हणजे बांधणें, या धातूवरून आपल्या भाषेंत आला. जुनीं दप्तरें हुडकणाऱ्या वाचकांस तो कागदांच्या बासनाचें नांव म्हणून परिचित आहे. मराठवाड्यांत मात्र सामान्य मनुष्यास बस्ता म्हटला म्हणजे प्रथम लग्न आठवतें. वधूवरांकडील मंडळी मिळून दुकानांत जातात, शालू, लुगडीं, धोतरजोड्या, आहेराचे खण यांची निवड करतात, आणि सर्व माल एकत्र बांधून घरीं आणतात. यास बस्ता बांधणें असें म्हणतात. कागदांच्या बस्त्याची चिकित्सा संशोधकांनीं पुष्कळ केली. कापडाच्या बस्त्याकडे त्या मानानें आपलें लक्ष कमी गेलें आहे.

प्रस्तुत लेखांत नांदेड व लातूर येथील कापडव्यापाराचा समग्र इतिहास देण्याचा आमचा हेतु नाहीं. एकच प्रश्न विचारास घेतला आहे. गिऱ्हाइकानें दुकानांत शिरावें, चार वस्त्रें उलगडून पाहावीं, किंमत वाचावी आणि कांहीं न घेतां परत फिरावें, ही गोष्ट आज मोठ्या शहरांत कोणासहि विशेष वाटत नाहीं. नांदेड-लातुरांतील आरशांनीं मढविलेल्या दालनांतहि ती नित्य घडते. परंतु ही मोकळीक जुनी नाहीं. तत्पूर्वी माल पाहण्याचा अधिकार कोणास होता, आणि तो सर्वांस कसा मिळाला, हें शोधण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

(२)

या प्रदेशांतील कापडाची कीर्ति प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत पैठण व तगर या दोन नगरांचा निर्देश असून, तगराहून साधें कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरीं जात असे, असें म्हटलें आहे. तगर म्हणजे लातूरच्या पश्चिमेस तेरणाकाठीं असलेलें तेर होय, हें फ्लीटनें इ. स. १९०१ मध्यें प्रतिपादिलें व तें आतां सर्वमान्य आहे. खुद्द लातूर हें राष्ट्रकूटांच्या बिरुदांतील ‘लट्टलूर’ होय. तथापि या उल्लेखांत विकणारा दिसतो, माल दिसतो; निवड करणारें गिऱ्हाईक दिसत नाहीं.

तें प्रथम स्पष्टपणें दिसतें तें राजवाड्यांत. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६–११३८) याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत वस्त्रोपभोगाचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत नागपट्टण, सिंहल, मूलस्थान, कलिंग, वंग, महाचीन इत्यादि ठिकाणचीं वस्त्रें गणिलीं असून, ऋतुमानाप्रमाणें राजानें कोणतीं वापरावीं हेंहि सांगितलें आहे. सोमेश्वराची राजधानी कल्याणी ही आजच्या लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून दूर नाहीं. देशोदेशींचा माल एका ठिकाणीं मांडून त्यांतून आवडेल तें उचलावें, ही कल्पना म्हणजे आजच्या मोठ्या भांडाराचीच होय. भेद इतकाच कीं, पाहणारा एकटा राजा होता.

पेशवाईंतहि प्रकार फारसा निराळा नाहीं. थोरले माधवराव पेशवे यांनीं इ. स. १७६६ मध्यें असावली दुपट्टे मागवितांना लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी व गुलाबी असे रंग कळविल्याचें प्रसिद्ध आहे. येथें धनी दुकानांत जात नाहीं. रंगांचीं नांवें कागदावर जातात आणि माल त्याच्या घरीं येतो. निवड पत्रानें होते, डोळ्यांनीं नव्हे.

(३)

सामान्य सुखवस्तु कुटुंबांतहि माल घरीं येण्याचीच रीत होती. गठ्ठा पाठीवर घेऊन फिरणारा कापडवाला ओसरीवर बसे. पडद्यांतील अथवा घराबाहेर सहसा न पडणाऱ्या स्त्रिया आंतून लुगडीं पाहत आणि निवड करीत. पेढीवरून माल न्यावयाचा तर तो ‘जांगड’ नेत. जांगड म्हणजे पसंतीच्या बोलीवर नेलेला माल. पसंत पडला तर ठेवावा आणि पैसे द्यावे. न पडला तर ठरल्या मुदतींत परत करावा. तोंपर्यंत मालकी व्यापाऱ्याचीच. मोल्सवर्थच्या कोशांत हा शब्द आहे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १९३० च्या मालविक्री कायद्याच्या २४ व्या कलमांत पसंतीवर दिलेल्या मालाचा जो नियम आहे, तो याच व्यवहाराचा. म्हणजे न घेतां पाहणें ही गोष्ट आपल्याकडे पाश्चात्य दुकानांबरोबर आली असें म्हणतां येत नाहीं.

परंतु जांगड कोणास मिळे ? ज्याचें खातें पेढीवर आहे, ज्याचें घराणें व्यापाऱ्यास ठाऊक आहे, त्यासच. जांगड हा विश्वासाचा व्यवहार होता, आणि विश्वास ओळखीवर चाले. पेढीची रचनाहि त्यास अनुरूप होती. उंच ओटा, त्यावर पांढरी गादी, लोडास टेकलेला शेठ. ओळखीचें गिऱ्हाईक गादीवर बसे, दुसरें पायरीशीं उभें राही. माल मागील फडताळांत असे, आणि काय काढून दाखवावें हें शेठ माणूस पाहून ठरवी. थानाच्या चिठ्ठीवर किंमत लिहिलेली असली तरी ती सांकेतिक अक्षरांत. ती गिऱ्हाइकासाठीं नसे. ठोक बाजारांत तर दलाल रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें धरून भाव ठरवीत. अस्पृश्य मानलेल्या लोकांस गादी तर नाहींच, पण कापडास हात लावून पाहण्याचीहि मुभा नसे. ज्या समाजांतील कित्येकांनीं तें कापड विणलें, त्यांसच तें दुकानांत दूरून दाखविलें जाई. हा भाग आमच्या विषयाच्या कडेचा नसून त्याचा गाभा आहे.

आठवडेबाजार मात्र यांत कांहींसा निराळा होता. तेथें माल जमिनीवर उघडा पसरलेला असे; येणारा-जाणारा पाहत जाई. नांदेडच्या ‘इतवारा’ या पेठेच्या नांवांतच अशा बाजाराची खूण राहिली आहे, असें आम्हांस वाटतें. पण उघड्यावर येई तें जाडेंभरडें कापड. एकोणिसाव्या शतकांतील वर्णनांत नांदेडची जी तलम मलमल व पागोटीं वाखाणिलीं आहेत, तीं बाजारच्या धुळींत पसरण्याचीं नव्हतीं.

(४)

बदलाचें पहिलें कारण आगगाडी. इ. स. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग झाला आणि मनमाड व सिकंदराबाद यांच्यामध्यें नांदेड आलें. लातुरास बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ १९११ मध्यें पोंचला व तें बार्शी-कुर्डुवाडीच्या वाटेनें मुंबईच्या मुख्य मार्गास जोडलें गेलें. दोन्ही गांवें १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असलीं, तरी नांदेडची दृष्टि मुख्यतः हैदराबादेकडे आणि लातूरची सोलापूर-मुंबईकडे वळली असावी, असा आमचा तर्क आहे. गिरणीचें कापड गाडीनें येऊं लागलें. पुढें निजामी राजवटींतच नांदेडास उस्मानशाही गिरणी निघाली. एकाच वाणाचीं शेंकडों थानें आलीं म्हणजे प्रत्येक थानासाठीं घासाघीस करण्याचें कारण कमी होतें, आणि भाव उघड होण्याची वाट मोकळी होते.

दुसरें कारण बाजाराची बांधणी. लातूरची गंजगोलाई हें याचें उत्तम उदाहरण. नगररचनाकार फय्याजुद्दीन यांच्या आराखड्याप्रमाणें ही दुमजली वर्तुळाकार इमारत इ. स. १९१७ मध्यें उभी राहिली. मध्यें देवीचें मंदिर, आणि भोंवतीं सोळा रस्ते येऊन मिळतात; सराफीचा, चपलांचा, मिरची-गुळाचा असा एकेक बाजार त्यांवर वसला. गोलाईंत आम्ही हिंडलों तेव्हां एक गोष्ट प्रकर्षानें जाणवली. वर्तुळास आरंभ नाहीं, शेवट नाहीं. देवीस आलेला मनुष्य सहज फेरी घालतो, आणि फेरी घालतां घालतां दुकानें पाहतो. येथें येण्यास खरेदीचें निमित्त लागत नाहीं.

(५)

या भागाचें मोठें शहर म्हणजे हैदराबाद. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर १९१२ मध्यें तेथें नगरसुधारणा मंडळ स्थापन झालें. उस्मान अली खान यांच्या कारकीर्दींत पथ्थरगट्टीचा दगडी कमानींचा बाजार झाला. कमानींखालून ऊनपाऊस टाळून दुकानांपुढून चालत जावें अशी त्याची योजना आहे. आबिद्स हा भाग तर सहावे निजाम महबूब अली खान (कारकीर्द १८६९–१९११) यांच्या पदरच्या आल्बर्ट आबिद यांच्या दुकानावरून ओळखला जातो. राजाच्या पोशाखखान्याचा सेवक दुकान काढतो आणि त्याच्या नांवानें शहराची पेठ प्रसिद्ध होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. सोमेश्वराच्या वस्त्रागाराचें दार जणूं रस्त्याकडे उघडलें.

मुंबईंत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स, व्हाइटवे लेडलॉ यांसारखीं इंग्रजी भांडारें होतीं, आणि १९०५ च्या स्वदेशी चळवळीच्या लाटेंत बाँबे स्वदेशी स्टोअर्स निघालें. या सर्वांचा नमुना पॅरिसचें ‘बाँ मार्शे’. आरिस्तीद बूसिको हा १८५२ मध्यें त्याचा भागीदार झाला. तेथील तीन नियम जगभर गेले : प्रवेश मुक्त, किंमत ठरीव व लिहिलेली, नापसंत माल परत. यांतील तिसरा नियम आमच्या जांगडींत पूर्वीच होता. नवे ते पहिले दोन. जांगडीनें ओळखीच्या माणसास पाहूं दिलें. लिहिलेल्या किंमतीनें अनोळख्यास पाहूं दिलें. आमच्या मतें या विषयाचें सार एवढेंच आहे.

तथापि नुसत्या व्यापारानें हें कार्य पुरें झालें नाहीं. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदांत, धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून ज्या ठिकाणीं प्रवेशास अडथळा करतां येणार नाहीं त्यांची यादी आहे. तींत दुकानांचा उल्लेख सर्वांत प्रथम आहे. दुकानांत शिरून कापड हातांत घेऊन पाहणें ही ज्यांस क्षुल्लक करमणूक वाटते, त्यांनीं तो अनुच्छेद अवश्य वाचावा.

(६)

आतां साधनांविषयीं. या संक्रमणाचा खरा पुरावा पेढ्यांच्या रोजमेळांत, खातेवह्यांत, जांगडवह्यांत, थानांवरील चित्रांकित छापांत व बस्त्यांच्या याद्यांत आहे. जांगडवही केव्हां बंद झाली व रोखीचीं बिलें केव्हां सुरू झालीं, हें एका पेढीपुरतें जरी कळलें, तरी वरील तर्कांची परीक्षा होईल. वाचतांना मात्र सावधगिरी हवी. लिपि मोडी, महाजनी वा उर्दू असूं शकते. काल कोठें शक, कोठें विक्रम संवत्, कोठें निजामी फसली. फसली सनांत आजूरपासून डिसेंबरअखेर ५९० व पुढें ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. फसली १३५७ चा आरंभ ऑक्टोबर १९४७ मध्यें झाला. रुपया हाली कीं कलदार हें न पाहतां भावांची तुलना करूं नये. ठरीव दरानें १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. तेव्हां १४ रुपये हालीचें लुगडें कलदारांत १२ चेंच होय. हाली नाणें १९५३ पासून मागें घेण्यांत आलें, त्यामुळें त्यापूर्वीच्या वह्यांत ही चूक हमखास होते.

ही साधनें झपाट्यानें नाहींशीं होत आहेत. दिवाळीस नव्या वहीची पूजा होते, आणि मागील वह्यांची अडगळ होते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत घरांबरोबर त्यांतील कागदहि गाडले गेले. पण भूकंपाहून रद्दीवाला अधिक नियमित आहे. एका जुन्या कापडपेढीच्या वह्या पाहण्यास आम्ही गेलों, तों त्या आठ दिवसांपूर्वीं वजनावर विकल्या गेल्या होत्या. मालकांनीं आमचें अगत्य केलें, चहा दिला, आणि रिकामें फडताळ उघडून दाखविलें. दोष त्यांचा नव्हे. पोथी व सनद जपावी हें आपण लोकांस सांगितलें. कापडाची वही जपावी हें सांगितलें नाहीं.

म्हणून नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर येथील संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, यंदाच्या दिवाळीपूर्वीं त्यांनीं आपल्या परिचयाच्या कापडपेढीवर एकदां जावें. घेण्याचें कांहीं नसलें तरी चालेल. पाहूं द्या म्हणावें. मिळेल ती वही, चिठ्ठी, छाप स्वच्छ वस्त्रांत बांधून ठेवावी, आणि बस्त्यावर पेढीचें नांव, गांव व सन लिहावा.