बर्नार्डचे काळे ढग
कोल्हापुरात गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. तारांगणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडवर्ड बर्नार्डची कृष्णमेघांची यादी घातली होती. धनू राशीतला बी ८६ हा एनजीसी ६५२० तारकागुच्छाला चिकटून दिसायला हवा, तर तो भलतीकडेच! कोड तीनदा तपासला, ठीक होता. मग लक्षात आलं. बर्नार्डनं १९१९ मध्ये १८२ काळ्या डागांची यादी छापली, पण स्थानं १८७५ च्या संपाताला धरून. माझं सॉफ्टवेअर २००० चं. संपात वर्षाला साधारण ५० विकला सरकतो. १२५ वर्षांत पावणेदोन अंश, म्हणजे साडेतीन पौर्णिमेचे चंद्र! (पंचांगवाले हसतील, त्यांचा अयनांश हाच.) बर्नार्ड १९२३ मध्ये गेला, ॲटलस १९२७ मध्ये आला, तो भाची मेरी कॅल्व्हर्ट आणि एडविन फ्रॉस्ट यांच्यामुळे. स्थानं २००० वर आणली, आणि बी ८६ गुच्छाशेजारी येऊन बसला.