सिद्दी सत्ता : महाड–पोलादपूर परिसर

सिद्दी (हबशी). पूर्व आफ्रिकेतून, मुख्यतः ॲबिसिनिया म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने, दख्खनेत आलेले लोक. त्यांतले पुष्कळ जण गुलाम म्हणून विकले गेले होते. तरी बहमनी आणि पुढे निजामशाही दरबारात त्यांनी सरदारक्या मिळवल्या. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू 1626) हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. कोकणातल्या सिद्द्यांचे ठाणे राजपुरीच्या खाडीतला जंजिरा, आणि त्यांच्या मुलखाला मराठीत हबसाण म्हणत.

महाड आणि पोलादपूर ही हबसाणाच्या पाठीमागची भूमी. सावित्री महाबळेश्वरावरून उतरते, पोलादपूर आणि महाडजवळून वाहत बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तरेचा हरिहरेश्वर–श्रीवर्धनचा मुलूख सिद्द्यांचा. त्यामुळे दर्यावरच्या सत्तेची झळ थेट घाटाच्या पायथ्यापर्यंत पोहोचे.

या सत्तेचा कलाटणीचा प्रसंग 1670–71 चा. जंजिऱ्याचा मुख्य फत्तेखान शिवाजी महाराजांशी तह करून किल्ला सोडायला तयार झाला. सिद्दी संबळ, कासीम आणि खैरियत या तिघांनी त्याला कैद केले आणि मोगलांचा आश्रय घेतला. 1671 च्या शिमग्यात कासीमने समुद्राकडून आणि खैरियतने जमिनीकडून हल्ला करून मराठ्यांकडून दंडा-राजपुरी परत घेतली. गादी बापाकडून मुलाकडेच जावी असा दंडक त्यांच्यात नव्हता. सरदार आपल्यातल्या कर्त्या माणसाला पुढे करत. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज दोघांनीही जंजिऱ्यावर मोठा जोर लावला. संभाजी महाराजांच्या मोहिमेत महाडचे दादाजी रघुनाथ देशपांडे आघाडीवर होते. जंजिरा पडला नाही. ज्या बेटाने इतकी वर्षे तग धरला त्याच्या धन्यांना केवळ लुटारू म्हणून मोकळे होणे हा इतिहासावर अन्याय आहे. लूट त्यांनी केली, त्या काळच्या इतर सत्तांप्रमाणे. पण आरमार बांधणे, मुलूख वसवणे आणि मोगल, मराठे, इंग्रज यांच्यात आपले वजन राखणे हे राज्यकर्त्यांचे काम होते.

महाड तालुक्यातली सर्वांत मोठी घटना रायगडची. 1689 मध्ये गड मोगलांच्या हाती गेला. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई आणि सात वर्षांचे पुत्र शाहू कैद झाले. गडाला इस्लामगड हे नाव पडले. पुढे तो सिद्द्यांच्या ताब्यात आला, आणि ज्या गडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याचा कारभार मूळच्या आफ्रिकी घराण्याच्या हाती गेला. 1733 मध्ये जंजिऱ्यात वारसाचा तंटा उभा राहिला, तेव्हा कैदेतून सुटून छत्रपती झालेल्या शाहू महाराजांनी सिद्द्यांवर मोहीम काढली. बाजीराव पेशवे राजपुरीवर उतरले, सेखोजी आंग्रे आरमार घेऊन आले, आणि प्रतिनिधी श्रीपतराव यांनी जून 1733 मध्ये रायगड घेतला. चव्वेचाळीस वर्षांनी गड मराठ्यांकडे परतला. मात्र पेशवे आणि प्रतिनिधी यांच्यात या यशावरून बिनसले, ऑगस्टअखेर सेखोजी वारले, आणि जंजिरा पुन्हा हातचा सुटला.

एप्रिल 1736 मध्ये रेवसजवळच्या लढाईत बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा यांनी सिद्द्यांचा सरदार सिद्दी सात याला मारले. त्यानंतर तह होऊन मराठ्यांच्या पक्षाचा सिद्दी रहमान गादीवर आला. समुद्रकाठचे छोटे राज्य एवढेच रूप मग सिद्दी सत्तेला उरले. 1948 मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले.

रायगड पाहायला महाडला येणाऱ्याने मुरुडजवळच्या खोकरी गावापर्यंतही जावे. कासीम ऊर्फ याकूतखान, खैरियतखान आणि सुरूलखान यांच्या दगडी कबरी तिथे उभ्या आहेत.