देव सोबत, पण जाणीव नाही

‘इम्मानुएल’ म्हणजे ‘आम्हांबरोबर देव’. पवित्र आत्म्याच्या रूपाने देव श्रद्धावंतांच्या अंतःकरणात वास करतो, ही ख्रिस्ती धर्मातील मूलभूत धारणा. मात्र हे सान्निध्य जाणवतेच असे नाही. मदर तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. कोलकात्यातील सेवाकार्याच्या प्रारंभापासून १९९७ मधील निधनापर्यंत, अल्पकाळ वगळता, त्यांना देवाची जाणीव लाभली नव्हती. त्यांच्या श्रद्धेवर शंका घेणारे मथळे झळकले. ते उतावीळपणाचेच म्हणावे लागतील. कारण त्यांची प्रार्थना थांबली नाही, मरणासन्नांची शुश्रूषाही नाही. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी या अवस्थेला ‘काळोखी रात्र’ म्हटले होते. चर्चनेही पत्रांत अश्रद्धा पाहिली नाही; २०१६ मध्ये मदर तेरेसांना संतपद दिले.