वायुकोश

वायुकोश : फुप्फुसातील श्वासमार्गाच्या टोकाशी असणाऱ्या अतिसूक्ष्म, पातळ भिंतींच्या पोकळ्या. श्वासावाटे आलेल्या हवेतील ऑक्सिजन येथे रक्तात शिरतो आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड हवेत येतो. नाक, घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका व तिच्या शाखा हवा गाळतात, ओलसर व उबदार करतात आणि आत पोचवतात; वायूंची देवघेव मात्र वायुकोशांतच होते.

शोध : इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ मार्चेल्लो मालपीगी यांनी 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसाचे सूक्ष्मदर्शकाने निरीक्षण करून वायुकोश व त्यांभोवतीच्या केशवाहिन्यांचे वर्णन केले. विल्यम हार्वी यांनी 1628 मध्ये रक्ताभिसरण मांडले होते. परंतु रोहिणीतील रक्त नीलेत कसे पोचते, हे त्यांना दाखवता आले नव्हते. तो दुवा केशवाहिन्यांमुळे मिळाला.

रचना : श्वासनलिकेला फुटलेल्या दोन फाट्यांना पुन्हा दोन-दोन फाटे फुटत जाऊन शाखांच्या सुमारे 23 पिढ्या होतात. पहिल्या 16 पिढ्या केवळ हवा वाहून नेतात. त्यापुढील नलिकांच्या भिंतींवर तुरळक वायुकोश दिसू लागतात आणि अखेरच्या पिशव्यांच्या भिंती पूर्णपणे त्यांच्याच बनलेल्या असतात. प्रौढ व्यक्तीच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून साधारण 30 ते 50 कोटी वायुकोश असतात. एकाचा व्यास सुमारे 0.2 मिमी. असला, तरी सर्वांचा एकत्रित पृष्ठभाग सुमारे 70 चौ. मी. भरतो. संपूर्ण त्वचेचे क्षेत्रफळ जेमतेम 2 चौ. मी. असते.

भिंतीच्या सुमारे 95 टक्के पृष्ठभागावर पहिल्या प्रकारच्या चपट्या पेशी पसरलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारच्या घनाकार पेशी संख्येने अधिक असूनही थोडीच जागा व्यापतात. त्या सरफॅक्टंट हे द्रव्य स्रवतात आणि चपट्या पेशींना इजा झाल्यास विभाजनाने त्यांची जागा भरून काढतात. आत आलेली धूळ व जंतू भक्षक पेशी गिळतात. भिंतीला लगटून केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. हवा व रक्त यांमधील पडद्याची जाडी अनेक ठिकाणी सुमारे 0.5 मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या पेशीच्या व्यासाच्या दहाव्या भागाहूनही कमी असते.

वायुविनिमय : श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकले की छातीची पोकळी वाढते आणि हवा आत ओढली जाते. शांत श्वासात येणाऱ्या सुमारे 500 मिली. हवेपैकी 150 मिली. वाटेतील नळ्यांतच राहते. उच्छ्वासानंतरही फुप्फुसात 2 लिटरहून अधिक हवा शिल्लक असते. त्यामुळे वायुकोशांतील हवेचे घटक एकाएकी बदलत नाहीत आणि उच्छ्वास चालू असतानाही देवघेव थांबत नाही.

वायू अधिक आंशिक दाबाकडून कमी दाबाकडे विसरित होतात. समुद्रसपाटीला वायुकोशांत ऑक्सिजनचा दाब सुमारे 100 मिमी. पारा, तर तेथे येणाऱ्या रक्तात 40 मिमी. असतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत रक्तात 46 व वायुकोशांत 40 मिमी. एवढाच फरक असतो. पण हा वायू ऑक्सिजनच्या सुमारे 20 पट सहजतेने पडदा ओलांडतो, म्हणून तो फरक पुरतो. विश्रांत अवस्थेत तांबडी पेशी केशवाहिनीत सुमारे 0.75 सेकंद राहते आणि त्याच्या पहिल्या तृतीयांशातच ऑक्सिजनची भरणी होते. उरलेला वेळ व्यायामात उपयोगी पडतो, कारण तेव्हा रक्त वेगाने वाहते. ज्या वायुकोशांत हवा नीट पोचत नाही, त्यांच्याजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचतात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळते.

पृष्ठताण व सरफॅक्टंट : वायुकोशाच्या आतील बाजूस पाण्याचा पातळ थर असतो. त्याच्या पृष्ठताणामुळे वायुकोश मिटू पाहतो आणि तो जितका लहान, तितकी ही ओढ जास्त. मुख्यतः फॉस्फोलिपिडे व काही प्रथिने असलेले सरफॅक्टंट हा ताण कमी करते. गर्भात त्याची निर्मिती साधारण 24 व्या आठवड्यापासून सुरू होते, परंतु पुरेसा साठा 34–35 आठवड्यांच्या सुमारास होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाचे वायुकोश प्रत्येक उच्छ्वासानंतर मिटतात व त्याला धाप लागते. या विकाराचे मूळ सरफॅक्टंटच्या अभावात आहे, हे मेरी एलेन एव्हरी व जेरे मीड यांनी 1959 मध्ये दाखवले. अकाली प्रसूतीची शक्यता असल्यास मातेला स्टेरॉइड दिल्याने बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, असे लिगिन्स व हॉवी यांच्या 1972 च्या न्यूझीलंडमधील चाचणीत आढळले. जपानमध्ये फुजिवारा व सहकाऱ्यांनी 1980 मध्ये बाळांच्या श्वासनलिकेत सरफॅक्टंट सोडून केलेल्या उपचाराचे यश प्रसिद्ध केले.

विकार : न्यूमोनियात वायुकोश दाहजन्य द्रवाने भरतात. हृदयाची डावी बाजू दुर्बळ झाल्यास केशवाहिन्यांतील दाब वाढून वायुकोशांत पाणी झिरपते. वातस्फीतीमध्ये वायुकोशांमधील भिंती नष्ट होऊन मोठ्या पोकळ्या बनतात. पृष्ठभाग घटतो, फुप्फुसाची लवचिकता कमी होते आणि हवा बाहेर टाकणे अवघड जाते. धूम्रपान हे याचे प्रमुख कारण असून चुलीच्या धुराचा दीर्घ संपर्कही घातक ठरतो. दगडखाणीतील सिलिकाची धूळ गिळलेल्या भक्षक पेशी मरतात व त्यांच्या जागी तंतुमय व्रण होतात. हा सिलिकोसिस होय. वातस्फीतीत नष्ट झालेल्या भिंती उपचाराने परत येत नाहीत; धूम्रपान थांबवल्यास पुढील ऱ्हास मात्र मंदावतो.