रंगाखालची कारागिरी

अपघातात चेपलेली स्पोर्ट्स कार दुरुस्त होऊन आली की मालक आधी रंग बघतो. छटा जुळली, चकाकी आली, की काम झकास झालं असं ठरतं आणि पुढच्या वेळीही तेच गॅरेज निवडलं जातं. या धंद्याचा इतिहास पाहिला तर ही पारख उशिराची ठरते. इटलीतल्या मोदेना परिसरात सेर्जियो स्काल्येत्ती वयाच्या तेराव्या वर्षी बॉडीच्या कामाला लागले आणि १९५१ मध्ये त्यांचं स्वतःचं दुरुस्तीचं गॅरेज उभं राहिलं. शर्यतीत ठोकलेल्या गाड्या तिथे येत. फेरारीच्या एका गाडीची त्यांनी केलेली दुरुस्ती कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या नजरेत भरली, आणि पुढे फेरारीच्या नव्या गाड्यांच्या बॉडीही त्यांच्याकडेच सोपवल्या जाऊ लागल्या. २५० टेस्टा रोसा तिथे घडली. १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या ३६ तयार झालेल्या आणि आज जगातल्या सर्वांत महागड्या गाड्यांत मोडणाऱ्या २५० जीटीओची बॉडीही तिथलीच. चेपलेला पत्रा मूळ वळणावर आणता येणारा माणूस तेच वळण कोऱ्या पत्र्यातूनही काढू शकतो, हे फेरारींनी ओळखलं होतं. त्यांनी पारखला तो पत्र्यावरचा हात.

हा हात म्हणजे नेमकं काय, ते ॲल्युमिनियमच्या कामात दिसतं. वाळूच्या पिशवीवर ठेवून हा पत्रा ठोकत गेलं की तो कडक होतो आणि तसाच रेटला तर तडकतो. म्हणून मध्येच तापवून त्याला मऊ करावं लागतं. लोखंड तापलं की लाल होतं. ॲल्युमिनियम रंग न बदलता ६६० अंशांना एकदम वितळतं. जुने कारागीर म्हणून पत्र्यावर साबण चोळत आणि तो काळसर पडला की ज्योत बाजूला घेत. ज्याला हे ठाऊक नाही, तो खड्डा वर काढण्याऐवजी त्यात लांबी (पुट्टी) भरतो. वरून रंग मारला की पहिल्या दिवशी दोन्ही कामं सारखीच दिसतात. लांबीचा जाड थर काही काळाने फुगतो किंवा चिरतो. शिवाय लोखंडावर वापरलेली हत्यारं ॲल्युमिनियमला लावली तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तिथूनच पत्रा खायला सुरुवात होते. ॲल्युमिनियमची हत्यारं आणि कामाची जागा वेगळी ठेवणारं गॅरेज म्हणूनच भरवशाचं.

पत्र्याच्याही आत सांगाडा असतो. १९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल बारीक नळ्यांच्या जाळीवर उभी होती. या नळ्या दाराखालून इतक्या उंच गेल्या होत्या की नेहमीचं दार बसेना, म्हणून ते छताला बिजागऱ्या लावून वर उघडणारं केलं. अशा जाळीत एका कोपऱ्याला बसलेला धक्का दुसऱ्या टोकापर्यंत पोचू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, मोजावा लागतो. त्यामुळे चांगल्या बॉडी शॉपमध्ये हातोड्याच्या जोडीला गाडी जखडून चेसिसचे बिंदू तपासणारा बेंच आला. मोजमापाचा कागद देऊ न शकणारं गॅरेज कितीही नावाजलेलं असो, त्याने दुरुस्तीचा अर्धा भाग अंदाजावर सोडलेला असतो.

यावर आक्षेप येईल की हातोडा आणि साबणाचा काळ सरला. १९९२ च्या मॅकलारेन एफ वनसारख्या गाड्यांपासून रस्त्यावरच्या गाडीचा सांगाडाही कार्बन फायबरचा होऊ लागला, तिथे ठोकपिटीला वाव नाही. हे खरं आहे, पण त्यामुळे मूळ मुद्दा अधिकच पक्का होतो. कार्बन फायबर चेपत नाही. त्याचे थर आतल्या आत सुटू शकतात आणि वरचा पृष्ठभाग तरीही धड दिसू शकतो. अभिनेते रोवन ॲटकिन्सन यांची एफ वन २०११ मध्ये झाडावर आदळली. तिच्या दुरुस्तीला वर्षाहून अधिक काळ लागला आणि विम्याचा खर्च नऊ लाख पौंडांच्या वर गेल्याच्या बातम्या आल्या. दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येकाला असा खर्च झेपणार नाही, हे मान्यच. पण स्वस्तात झाकलेलं काम पुन्हा उघडायची वेळ आली की दोनदा पैसे जातात, आणि वाकडा सांगाडा वेगात जिवावर बेततो. गॅरेजला मिळालेल्या कंपनीच्या अधिकृत शिक्क्याने प्रशिक्षण आणि सुटे भाग यांची खात्री मिळते, ती मोलाची आहे. तरी तुमच्या गाडीवर कोणाचा हात फिरणार, हे त्या शिक्क्यावर लिहिलेलं नसतं.

म्हणून गाडी देण्याआधी तीन गोष्टी मागा: याच धातूची किंवा याच बांधणीची आधी केलेली गाडी, चेसिसच्या मोजमापाची नोंद, आणि रंग चढण्यापूर्वी काम पाहण्याची मुभा. तिसऱ्या मागणीला जो खळखळ न करता हो म्हणतो, त्याच्या हाती गाडी द्या.