सव्वादोन फुटांचं स्टेशन

नगरसूल मागे पडलं आणि खिडकीत अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले दिसू लागले, की मीटरगेजच्या डब्यात हालचाल सुरू व्हायची. फडक्यात उरलेली भाकरी पुन्हा गाठ मारून बांधली जायची, वळकट्या आवळल्या जायच्या, फळीवर निजलेलं पोर उठवून उभं केलं जायचं. पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्याला कुणीतरी जाणता समजावून सांगायचा, ‘आता छोटी गाडी संपली. पुलावरनं पलीकडं जायचं, मोठी गाडी तिकडं लागते.’ आणि मनमाड यायचं. हैदराबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत आलेल्या त्या गाडीचा प्रवास इथं संपायचा. समोर मुंबईपर्यंत रूळ पसरलेले होते, पण ते तिच्या मापाचे नव्हते.

छोट्या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. मोठ्या गाडीचं साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. फरक सुमारे सव्वादोन फुटांचा. नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यातलं हे गाव जवळजवळ नव्वद वर्षं या सव्वादोन फुटांवर जगलं.

आधी आली ती मोठी गाडी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेनं १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे गाडी सोडली आणि पुढच्या काही वर्षांत लोहमार्ग सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन अडला. थळ घाटात बोगदे फोडायचे, दऱ्यांवर पूल उभारायचे, तर वर्षंच्या वर्षं लागणार होती. कंपनी तोवर हातावर हात ठेवून बसली नाही. १८६१ च्या सुरुवातीला घाटाखालचे रूळ कसाऱ्याला पोचले, त्याच सुमारास घाटमाथ्यावर इगतपुरी ते नाशिक गाडी सुरू झाली आणि ऑक्टोबरात ती मनमाडवरून चाळीसगावपर्यंत जाऊ लागली. मधला घाट खुला झाला तो थेट १८६५ च्या जानेवारीत. तोपर्यंत मुंबईचा माणूस कसाऱ्याला उतरायचा, सडकेनं घाट चढायचा आणि इगतपुरीला दुसऱ्या गाडीत बसायचा. मनमाडकरांनी पहिल्यांदा पाहिलेलं इंजिन मुंबईशी अजून न जोडलेल्या रुळांवरून आलं होतं. या वाटेवर गाडी बदलण्याचं पहिलं ठिकाण खुद्द घाटच होता.

त्या काळी मनमाडची ओळख एवढीच, की मालेगावला जायचं तर इथं उतरायचं. वेरूळची लेणी पाहायला निघालेले साहेबलोकसुद्धा मनमाडला उतरत नसत. ते पुढं नांदगावला उतरून बैलगाडी धरत.

१८७६ ला पावसानं दगा दिला आणि दख्खनवर दोन वर्षांचा भयंकर दुष्काळ कोसळला. जीआयपी रेल्वेचे दोन फाटे तेव्हा कल्याणला फुटत होते, एक भुसावळकडं आणि दुसरा पुणे-सोलापूरकडं. एका फाट्यावरचं धान्य दुसऱ्यावर न्यायचं, तर घाट उतरून कोकणात यायचं आणि पुन्हा दुसरा घाट चढायचा. ही अडचण ज्या मार्गानं संपवली तो धोंड-मनमाड, आजच्या भाषेत दौंड-मनमाड. दुष्काळी कामावर आलेल्या माणसांनी त्याची माती ओढली आणि १८७८ मध्ये येवला, कोपरगाव, नगर करत सुमारे २३६ किलोमीटरचा हा मार्ग सुरू झाला. अर्धपोटी माणसांच्या डोक्यावरून वाहिलेल्या मातीवर हे जंक्शन उभं आहे, हे मनमाडच्या फलाटावर उभं राहिलं की आठवावं.

मनमाड आता जंक्शन झालं, तरी त्याचं नशीब अजून उघडलं नव्हतं. दोन्ही मार्ग एकाच मापाचे. वाघीण एका रुळावरून दुसऱ्यावर सरकायची, आतल्या पोत्याला कुणी हात लावायचं कारण नव्हतं.

ते कारण घडलं १९०० च्या सुमारास. हिंदुस्थानात रेल्वे स्वस्तात बांधायची म्हणून लॉर्ड मेयोच्या सरकारनं १८७० मध्ये मीटरगेजचं माप पत्करलं होतं. रूळ हलके, वळणं आखूड, डोंगर कमी खोदावा लागे. निजामाच्या राज्यातली वाडी ते हैदराबाद ही पहिली लाइन मोठ्या मापाची होती. मराठवाड्यातून जाणाऱ्या हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेला मात्र मीटरगेज निवडलं गेलं आणि सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपासचा हा मार्ग ब्रिटिश मुलखात मनमाडला येऊन टेकला. छप्पन्नचा दुष्काळ म्हणून आजही ज्याची आठवण निघते, त्याच काळातली ही गोष्ट. जालना, सेलू, परभणी, नांदेड हा सगळा कापसाचा टापू एका फटक्यात मुंबईच्या बंदराशी जोडला गेला. जोडला गेला म्हणजे मनमाडपर्यंत आला. पुढचं काम माणसाच्या पाठीवर होतं.

मालधक्का डोळ्यांसमोर आणावा. मधे फरसबंद ओटा, एका अंगाला मोठ्या मापाचा रूळ, दुसऱ्या अंगाला छोट्या मापाचा. इकडची वाघीण आणि तिकडची वाघीण समोरासमोर दारं उघडून उभ्या. दोन दारांमध्ये चार-सहा पावलांचं अंतर. हमाल खांद्यावर फडकं टाकून वाकायचा, दोघं मिळून पोतं त्याच्या पाठीवर लोटायचे, तो लोखंडी आकड्यानं त्याची पकड घ्यायचा आणि फळीवरून ओटा ओलांडून पलीकडच्या वाघिणीत शिरायचा. आत रचणारा वेगळा, दारात मोजणारा वेगळा. मोठी वाघीण रिकामी करायची तर छोटी एक पुरायची नाही, त्यामुळे माल निम्म्यात तुटायचा, पावत्या वाढायच्या, मोजदाद पुन्हा करावी लागायची. कापसाची गाठ असली की पाठ सोलवटायची. मिठाचं पोतं फुटलं की त्याच पाठीत ते झोंबायचं. मुंबईच्या गोदीत चढलेल्या मालावर अशा किती पाठींचा घाम होता, याची नोंद कुठल्याही पावतीवर होत नसे.

माणसांचंही तेच. मनमाडला उतरलेल्या उतारूच्या हातात तास-दोन तास, कधी अख्खी रात्र असायची. स्टेशनाबाहेरची खानावळ, धर्मशाळा, चहाची टपरी, टांगा हे सगळं त्या मोकळ्या तासांतून उगवलं. नांदेडच्या हुजूर साहिबला निघालेले पंजाबातले शीख भाविक इथंच गाडी बदलत, आणि मनमाडचा गुपतसर साहिब गुरुद्वारा आजही वाटसरूला निवारा आणि लंगर देतो. वेरूळ-अजिंठ्याचे प्रवासी आता नांदगाव सोडून मनमाडमार्गे औरंगाबादला जाऊ लागले. पुढं शिर्डीची ख्याती वाढली, तशी साईभक्तांची रीघही याच फलाटावर उतरू लागली. मनमाडहून मराठवाड्याकडं निघालं, की राज्यही बदलायचं. निजामाच्या हद्दीत शिरलं की सरकार वेगळं, जकात वेगळी, खिशातलं नाणंसुद्धा वेगळं, हाली सिक्का.

ही सरहद्द १९४७-४८ मध्ये फार कामाला आली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाच्या मुलखाबाहेर जे तळ उभे राहिले, त्यांत मनमाड एक मोठं केंद्र होतं. मराठवाड्यातून निसटलेले कार्यकर्ते रेल्वेनं, पायवाटांनी इथं येत आणि इथून पुन्हा आत जात. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आलं. सरहद्द पुसली गेली. सव्वादोन फूट मात्र तसेच राहिले.

रेल्वेनं मनमाडला कामगारांचं गाव केलं. १९०६ मध्ये इथं पुलांचे लोखंडी गर्डर तयार करणारा कारखाना निघाला, तो अजून चालू आहे. गँगमन, पॉइंट्समन, खलाशी, फायरमन यांच्या वस्त्या वाढल्या. म्हणूनच १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली आणि तिचं अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वीकारलं. धर्मांतराची घोषणा त्यांनी सव्वादोन वर्षांपूर्वी शेजारच्या येवल्यात केली होती. मनमाडच्या भाषणात ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत अशी मांडणी त्यांनी केली. ती पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच भाषणातला एक बारीक तपशील मात्र सहसा कुणी सांगत नाही, आणि सांगायला हवा तो तोच. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, असं बाबासाहेबांनी दाखवून दिलं. त्याला साधा पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरची कामं करून घेतो, आणि सवर्ण मास्तराला अस्पृश्याचा हात घरात चालत नाही. ज्या स्टेशनात रोज हजारो माणसं एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जात होती, तिथंच काही माणसांना एका कामावरून दुसऱ्या कामावर जायची वाट बंद होती. मनमाडचा इतिहास लिहिताना रुळांच्या मापाइतकंच हे मापही मांडावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर रेल्वे एक झाली. १९५१ मध्ये जीआयपी आणि निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाल्या, तरी छोटी गाडी छोटीच राहिली. अन्न महामंडळाची प्रचंड गोदामं मनमाडला उभी राहिली. आशियातल्या सर्वांत मोठ्या धान्यकोठारांत त्यांचं नाव घेतलं जातं. पंजाब-हरियाणाचा गहू इथं उतरून महाराष्ट्रभर जाऊ लागला आणि हमालांच्या हाताला आणखी एक काम मिळालं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली घरंच्या घरं पोटासाठी मुंबईला निघाली, तेव्हाही मोठ्या गाडीत शिरण्याची धडपड याच पुलावर, याच जिन्यात चालायची. १९७५ मध्ये पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली आणि मनमाड, लासलगाव, निफाड, नाशिकचे पासधारक रोज पहाटे मुंबईची वाट धरू लागले. मनमाडकराला मुंबई नोकरीच्या अंतरावर आली. परभणीकराला मात्र अजून आधी मनमाडपर्यंत पोचायचं होतं.

मराठवाड्याच्या मनात हे सलत होतं. ब्रॉडगेजची मागणी तिथं विकासाच्या प्रत्येक आंदोलनात पुढं असायची. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं ती वर्षानुवर्षं लावून धरली. तिच्यामागं मानाचाही प्रश्न होता. राज्याच्या एका भागातल्या माणसानं राजधानीला जाताना दर वेळी अर्ध्या वाटेवर बोचकी उचलून का उतरावं? १९९० च्या दशकात मनमाड ते औरंगाबाद आणि पुढं टप्प्याटप्प्यानं रूळ रुंद झाले. देवगिरी, तपोवन अशा गाड्या मराठवाड्यातून सरळ मुंबईला जाऊ लागल्या. २००९ मध्ये पुणतांब्याहून फाटा काढून शिर्डीलाही स्टेशन झालं. डिसेंबर २०२३ मध्ये जालना-मुंबई वंदे भारत निघाली, आणि जालन्याच्या माणसाला मनमाड आता काचेतून दिसतं.

जगातल्या अनेक मोठ्या शहरांत गाडी बदलण्याच्या जागा आज जमिनीखाली आहेत. शांघायच्या पीपल्स स्क्वेअर स्थानकात मेट्रोच्या १, २ आणि ८ क्रमांकाच्या मार्गिका भुयारात एकत्र येतात. माणूस एका गाडीतून उतरून दुसरीत किती लवकर बसतो, यावर अशा स्थानकाची आखणी जोखली जाते. मनमाडचा हिशेब नेमका उलटा होता. इथं उतारू जितका रेंगाळेल तितकी गावात चूल पेटायची. मराठवाड्यासाठी रूळ रुंद होणं न्यायाचं होतं, त्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण ओट्यावरून पोती नेणाऱ्यांचं आणि रात्रीच्या उतारूवर चालणाऱ्या खानावळीचं काम त्यात गेलं, हेही तितकंच खरं. त्यांच्यासाठी कुणी आंदोलन केलं नाही.

गाव मात्र कोमेजलं नाही. पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आले, १९९८ मध्ये मुंबईहून मनमाडपर्यंत इंधनाची नळवाहिनी आली. गंमत अशी, की तेल नळानं येतं आणि प्यायचं पाणी मात्र वागदर्डी धरण आटलं की कित्येक दिवस येत नाही. मनमाडच्या बायका पाण्याचा हिशेब आठवड्यांत करतात. वाफेच्या इंजिनांना पाणी पाजणाऱ्या या जंक्शनच्या नळाला पाणी नसावं, हे दुखणं फार जुनं आहे.

२ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर लांबी, १८,०३६ कोटी रुपये खर्च. मनमाडला आणखी एक फाटा फुटेल, आणि या वेळी माप तेच असेल. त्या फाट्यावर मालेगाव आहे. १८६१ पासून मालेगावचा माणूस गाडी धरायला मनमाडला येतो. यंत्रमागाचं सूत, साड्यांचे गठ्ठे, आजारी माणसं, परीक्षेला निघालेली पोरं, सगळे आधी सडकेनं मनमाड गाठतात. स्टेशनाबाहेर मालेगावच्या गाड्यांचे ड्रायव्हर अजूनही रात्री उशिरापर्यंत दारात उभे राहून हाका देतात, ‘मालेगाव, मालेगाव, एक सीट!’ फलाटावरून बाहेर आलेला उतारू बॅग खांद्यावर घेतो आणि त्या हाकेच्या दिशेनं चालू लागतो.