अनुपस्थिताची बाजू

दोन्ही बाजू ऐकल्याखेरीज निवाडा देऊ नये, हा न्यायाचा फार जुना दंडक. परंतु क्वचित प्रसंगी तो तात्पुरता बाजूला ठेवावा लागतो. गुन्ह्यातून संपत्ती मिळविल्याचा संशय असलेल्या माणसाला आधी नोटीस दिली, तर सुनावणीचा दिवस उजाडण्यापूर्वीच तो पैसा परदेशी धाडील आणि जमीनजुमला दुसऱ्याच्या नावे करील. म्हणून त्याच्या पाठीमागे, केवळ सरकार पक्षाचे ऐकून, त्याची मालमत्ता गोठविली जाते. अशा वेळी त्या अनुपस्थिताची बाजू मांडावयाची कोणी? इंग्लंडमधील न्यायालयांनी या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्याचा इतिहास उद्‌बोधक आहे.

१९१७ सालची गोष्ट. शिवणयंत्रांच्या व्यवसायातून श्रीमंत झालेल्या सिंगर घराण्याच्या कन्या प्रिन्सेस द पॉलिन्याक यांनी प्राप्तिकराच्या आकारणीविरुद्ध लंडनच्या न्यायालयात धाव घेतली आणि एकतर्फी प्राथमिक हुकूम मिळविला. परंतु लंडनमधील वास्तव्यासंबंधीची महत्त्वाची हकीकत त्यांच्या प्रतिज्ञापत्रात दडविलेली आढळली. तेव्हा न्यायाधीशांनी अर्जाच्या गुणदोषांत शिरण्याचेच नाकारले व हुकूम काढून घेतला. जो एकटाच न्यायासनासमोर उभा राहतो, त्याने आपल्याला प्रतिकूल असलेली गोष्टही सांगितली पाहिजे, हे तत्त्व या निकालाने दृढ झाले.

गुन्हेगारीच्या नफ्याचा प्रश्न ऐरणीवर आला तो पुढे साठ वर्षांनी. १९७७ साली ‘ऑपरेशन ज्यूली’ या पोलीस मोहिमेत एल.एस.डी. हे मादक द्रव्य तयार करणारी टोळी पकडली गेली. तिची सुमारे साडेसात लाख पौंडांची मत्ता हाती लागली. परंतु १९८० साली हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने, तेव्हाच्या कायद्यातील जप्तीच्या तरतुदीने हा नफा काढून घेता येत नाही, असा निर्णय मोठ्या खेदाने दिला. ही उणीव भरून काढण्यासाठी १९८६ साली मादक द्रव्यांच्या व्यापाराविरुद्ध कायदा झाला आणि मालमत्ता गोठविण्याचा अधिकार हायकोर्टास मिळाला. २००२ च्या कायद्याने हा अधिकार क्राउन कोर्टाकडे आला, आणि आरोप ठेवण्यापूर्वी, तपास सुरू होताच, तो वापरण्याची मुभा मिळाली.

शस्त्राला अशी धार चढली, तसा जुना दंडकही अधिक मोलाचा ठरला. ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, त्याला घरखर्चापुरतेही न्यायालयाच्या परवानगीवर अवलंबून राहावे लागते. म्हणून २०१० साली स्टॅनफर्ड बँकेच्या प्रकरणात अपील न्यायालयाने सरकारी वकिलाला बजावले, की त्याने क्षणभर बचाव पक्षाच्या जागी स्वतःला कल्पावे, आपण तेथे असतो तर काय म्हटले असते ते शोधावे, आणि ते न्यायाधीशांना सांगावे. मात्र चूक झाली की हुकूम रद्द होतोच असे नाही. गुन्ह्याचा पैसा निसटू न देण्यातही लोकहित आहे.

भारतात १९४४ च्या वटहुकुमानुसार जिल्हा न्यायाधीश अशी अंतरिम जप्ती करतात. त्याच वेळी त्या व्यक्तीला हुकुमाची, अर्जाची आणि प्रतिज्ञापत्रांची नक्कल देऊन म्हणणे मांडण्यास पाचारण करावे लागते. वाट निराळी, पण काळजी तीच. सत्तेने कोणाच्या मालमत्तेवर टाच आणावी, हे कधीकधी अटळ असते. मात्र जो समोर नाही त्याच्या वतीनेही खरे बोलण्याची जबाबदारी तिने पत्करली, तरच त्या हुकुमाला न्याय हे नाव शोभते.